सुईणींचं ज्ञान जपायचंय? रेकॉर्डर काढायच्या आधी हे वाचा

खांदा अडकणं म्हणजे काय हे ज्यांनी लेबर रूममध्ये एकदा पाहिलंय त्यांना वेगळं सांगायला नको. डोकं बाहेर आलंय, पुढचं काही येत नाहीये, आणि खोलीतल्या सगळ्यांचे आवाज एकदम बंद होतात. अशा वेळी बाईला हातापायांवर घ्यायचं, रांगणाऱ्या बाळासारखं, ही युक्ती आता बऱ्याच देशांत ट्रेनिंगमध्ये शिकवतात आणि तिला गास्किन मॅन्युव्हर म्हणतात. इना मे गास्किन या अमेरिकन मिडवाइफने ती १९७६ मध्ये एका बेलीझच्या बाईकडून घेतली, आणि त्या बाईने ती ग्वातेमालाच्या डोंगरातल्या आदिवासी बायकांकडून शिकलेली. १९९८ मध्ये ८२ केसेसचा अभ्यास छापून आला, त्यातल्या ६८ जणींना दुसरं काही करायची वेळच आली नाही. गास्किन बाईंनी हे कुठून आलं ते कधी लपवलं नाही, उघड सांगितलं. तरीसुद्धा पुस्तकात त्या डोंगरातल्या बायकांपैकी एकीचंही नाव नाही.

मी नर्स आहे, आणि गेली काही वर्षं म्हाताऱ्या सुईणी आणि जडीबुटीवाले वैदू यांच्याबरोबर बसून त्यांचं काम नोंदवतेय, ते दवाखान्यात कसं आणायचं ते बघतेय. चुका भरपूर केल्या. त्यातून जे कळलं ते इथे लिहितेय, आरोग्य केंद्रात काम करणाऱ्यांसाठी आणि स्वतःच्या आजीची विद्या हातातून निसटतेय असं वाटणाऱ्या पोरापोरींसाठी. माझं म्हणणं एकच आहे, की सुईण काम करत राहिली आणि तिच्या शेजारी शिकणारं कुणीतरी बसलं तरच ही विद्या जगते, व्हिडिओ त्याच्या मदतीला असतो, त्याच्या जागी नसतो. म्हणून क्रम उलटा लावायचा, कॅमेरा सगळ्यात शेवटी.

पहिल्या दिवशी वही पण काढू नका

नुसतं जा, बसा. दवाखान्यातले लोक आले की त्यांना वाटतं आता ओरडा बसणार, कारण आजवर बहुतेक तेच झालंय. प्राथमिक आरोग्यसेवेबद्दलच्या १९७८ च्या आंतरराष्ट्रीय अल्मा आटा जाहीरनाम्यात पारंपरिक उपचार करणाऱ्यांना आरोग्यसेवेत जागा दिलेली, मग बरीच वर्षं सुईणींना ट्रेनिंग आणि किट वाटले गेले, आणि नव्वदच्या दशकाच्या शेवटी धोरण फिरलं, सगळा भर शिकलेल्या नर्स-डॉक्टरांवर गेला. त्यामागे कारण होतं, नुसत्या छोट्या ट्रेनिंगने आईचे मृत्यू थांबत नव्हते, रक्तस्राव झाला तर रक्त आणि ऑपरेशनही लागू शकतं. पण झालं काय की कित्येक ठिकाणी सुईणीला सरळ "आता तुम्ही करू नका" सांगून टाकलं आणि तिला जे येत होतं त्याचं काय करायचं हे कुणी विचारलंच नाही. हा राग तिच्या मनात असतो. तो ऐकून घ्यायला लागतो, मध्येच "पण आजी, तुम्हाला माहितीये का धोका किती असतो" असं म्हणायचं नाही.

परवानगीचं बोलणं दुसऱ्या तिसऱ्या भेटीत. आणि परवानगी म्हणजे एका कागदावर अंगठा घेतला आणि संपलं असं नसतं. मी प्रत्येक गोष्ट वेगळी विचारते. नुसतं ऐकू का? लिहून घेऊ का? आवाज रेकॉर्ड करू का? हाताचा व्हिडिओ चालेल का, चेहरा दिसला तर चालेल का? दवाखान्यातल्या सिस्टरना दाखवू का? बाहेरच्या कुणाला? तुम्ही नसाल तेव्हा हे कुणाकडे राहू दे? या शेवटच्या प्रश्नाला लोक घाबरून टाळतात पण आज्या स्वतः अजिबात घाबरत नाहीत, उलट पटकन उत्तर देतात. आणि दरवेळी परत विचारायचं, कारण मागच्या महिन्यात हो म्हणालेली बाई या महिन्यात नाही म्हणू शकते, तो तिचा हक्क आहे.

दुसरं, एकटीची परवानगी पुरत नाही. काही गोष्टी एका बाईच्या असतात, काही घराण्याच्या, काही अख्ख्या समाजाच्या. काही मंत्र पुरुषांना ऐकवत नाहीत, काही झाडं ठराविक ऋतूतच तोडतात आणि ती कोणती ते बाहेर सांगत नाहीत. आदिवासी लोकांच्या हक्कांबद्दलचा संयुक्त राष्ट्रांचा २००७ चा जाहीरनामा आहे, त्याचं २४ वं कलम पारंपरिक औषधांचा हक्क सांगतं आणि ३१ वं कलम सांगतं की त्या ज्ञानावर ताबा त्या लोकांचाच. कॅनडातल्या फर्स्ट नेशन्स म्हणजे तिथल्या मूळ आदिवासी लोकांनी त्याच्याही आधी, १९९८ मध्ये, आपल्या माहितीबद्दल चार गोष्टी ठरवल्या: मालकी आमची, नियंत्रण आमचं, बघायची मुभा आम्हाला, आणि ती माहिती ठेवलेली जागाही आमच्या हातात. दक्षिण आफ्रिकेच्या सान लोकांनी २०१७ मध्ये संशोधकांसाठी स्वतःची नियमावलीच काढली. ती काढण्याइतका अनुभव त्यांना आलेला होता. हूडिया नावाची वनस्पती ते शिकारीच्या लांब वाटेवर भूक-तहान मारायला चघळायचे, त्यावर त्यांच्याच देशातल्या सरकारी संस्थेने न विचारता पेटंट घेतलं, आणि वाटा द्यायचा करार व्हायला २००३ उजाडलं.

आणि पैसे द्या. दिवसभर तिला बसवून ठेवलंत तर तिची मजुरी बुडते. चहापाण्याचा खर्च आणि शाल-नारळ म्हणजे मानधन नव्हे.

झाडपाल्याचं बोलणं वेगळ्या वहीत

बाळंतपणाचं हातांचं कौशल्य आणि औषधी झाडांची माहिती, या दोन गोष्टी मी पहिल्यापासून वेगळ्या ठेवते आणि तुम्हीही ठेवा. हात चोरून नेता येत नाही, पाककृती नेता येते. १९९५ मध्ये अमेरिकेत हळदीने जखम भरते या गोष्टीवर पेटंट दिलं गेलं होतं, ते १९९७ मध्ये रद्द झालं कारण भारताच्या सीएसआयआर या सरकारी संशोधन संस्थेने जुने लिखित पुरावे पुढे ठेवले. लिखित होतं म्हणून लढता आलं. त्यातूनच २००१ मध्ये पारंपरिक ज्ञानाची डिजिटल लायब्ररी सुरू झाली आणि पेटंट ऑफिसांना ती करार करून बघायला मिळायला लागली. पण आदिवासींची विद्या बहुतेक तोंडीच आहे. म्हणजे लिहिलं नाही तर पुरावा नाही, आणि लिहून उघड्यावर टाकलं तर कुणीही उचलणार. या पेचावर मला सापडलेला उपाय म्हणजे दोन थर. वरच्या थरात "अमुक समाजात बाळंतपणानंतर अशक्तपणावर एक काढा देतात" एवढंच, आणि झाडाचं नाव, भाग, प्रमाण, कधी तोडायचं, हे सगळं आतल्या थरात, जो समाजाच्या ताब्यात राहतो.

वाट्याचा विषय पण आधीच बोलून घ्या. केरळच्या अगस्त्यमलाई डोंगरात १९८७ मध्ये कानी आदिवासी वाटाडे चढताना एक छोटं फळ खात होते आणि दमत नव्हते, बरोबरच्या शास्त्रज्ञांची मात्र दमछाक झालेली. ते आरोग्यपच्चा. त्यापासून जीवनी नावाचं औषध झालं, त्याचे हक्क एका कंपनीला दिले तेव्हा ठरलं की लायसन्सच्या पैशाचा आणि रॉयल्टीचा निम्मा वाटा कानी लोकांना, त्यासाठी १९९७ मध्ये ट्रस्ट झाला. त्या वेळेला हे फार मोठं पाऊल होतं आणि आजही उदाहरण म्हणून सांगतात. तरी सगळ्या कानी वस्त्यांना विचारलं नाही अशी तक्रार झालीच. तेव्हा दोन वाटाडे हो म्हणाले म्हणजे समाज हो म्हणाला असं धरू नका. आता नागोया प्रोटोकॉल आहे, झाडं-जीव आणि त्यांच्याबद्दलचं ज्ञान वापरण्याबाबतचा आंतरराष्ट्रीय करार, २०१० चा, २०१४ पासून लागू, त्यात परवानगी आणि वाटणी दोन्ही आहे. तुमच्या देशाने सही केलीय का आणि तुमच्याकडे तो कोणतं खातं बघतं एवढं आधी काढून ठेवा.

आता रेकॉर्डिंग

माझी सगळ्यात मोठी चूक इथली. मी प्रश्न विचारत होते. "आजी, बाळ आडवं आहे हे कसं कळतं?" आजी म्हणाली, "हाताला कळतं की गं पोरी." मी परत विचारलं, वेगळ्या शब्दांत. तिने परत तेच सांगितलं, जरा मोठ्याने, मला ऐकू येत नसेल म्हणून. दोन तासांच्या रेकॉर्डिंगमध्ये कामाचं एक वाक्य नव्हतं.

मग कुणीतरी सुचवलं म्हणून आम्ही कापडाची बाहुली शिवली, डोक्यात घट्ट चिंध्या, ढुंगणात मऊ कापूस, आणि ती एका सैलसर पिशवीत घालून आजीपुढे ठेवली. आजीने दोन्ही तळवे आधी एकमेकांवर चोळले, गरम केले. "थंड हात लावला की पोट आवळतं, मग काय कळणार?" मग डोळे मिटले. एक तळवा स्थिर, दुसरा सरकतोय. पिशवीच्या वरच्या टोकाला बोटांनी हळूच ढकललं आणि म्हणाली, हे एकटंच हलतं, अंग हलत नाही, म्हणजे डोकं. खालच्या टोकाला ढकललं, बघ, हे हललं की सगळं अंग बरोबर येतं, हे बूड. मला नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला मानेची लवचिकता आणि काय काय शब्दांत हेच शिकवलं होतं आणि मला ते पोटावर कधी नीट जमलं नव्हतं. त्या दिवशी तिने माझा हात आपल्या हाताखाली घेतला आणि ढकलायला लावलं, तेव्हा कळलं की मी जोर फार लावत होते.

तर पहिला नियम, विचारू नका, करायला सांगा. बाहुली, पिशवी, ओढणी, दोर, जे तिच्या कामात असतं ते समोर ठेवा. शिकणारी मुलगी समोर बसवा आणि आजीला तिला शिकवू दे, तुम्ही गप्प बसून ते शूट करा. कॅमेरा समोरून लावला तर चेहरा छान येतो पण हात उलटे दिसतात, म्हणून तिच्या खांद्यामागून लावा, तिला जसं दिसतं तसं. खऱ्या बाळंतपणाचं शूटिंग मी करत नाही. बाईने हो म्हटलं तरी कळा चालू असताना दिलेली परवानगी मला परवानगी वाटत नाही.

दुसरा नियम, तिच्या बोलीतले शब्द तसेच ठेवा. मी पहिल्या वर्षी सगळं माझ्या भाषेत उतरवत गेले आणि नंतर तिच्या नातीने वही वाचून विचारलं की तुम्ही सगळीकडे कळा कळा का लिहिलंय? आजी पाच वेगळे शब्द वापरते. पाठीतून येणारी आणि चालल्यावर थांबणारी वेगळी, दर वेळी पोटाच्या वरून खाली उतरणारी वेगळी, बाईचा आवाज बदलतो तेव्हाची वेगळी. अख्खी लेबरची पायरी तिच्या शब्दांत होती आणि मी ती एका शब्दात घालवून बसले. ती वही परत पहिल्यापासून करायला लागली. तेव्हा आधी तिच्या बोलीत जसंच्या तसं उतरवा, त्या समाजातल्याच कुणाकडून, आणि मग भाषांतर.

तिसरं, फक्त काय करता हे विचारू नका, कधी करत नाही ते विचारा. कोणत्या पोटाला हात लावत नाही? कोणत्या बाईला बघितल्यावर म्हणता की हिला मोठ्या दवाखान्यात न्या? कोणत्या वेळी हात चुकला? हा शेवटचा प्रश्न पहिल्या वर्षात विचारू नये, पण ज्या दिवशी आजी आपणहून सांगायला लागते त्या दिवशी खरं शिक्षण सुरू होतं. रेकॉर्डर बंद करून ऐका. नंतर विचारा लिहू का.

झाडांचं म्हणाल तर नुसत्या नावावर विसंबू नका, एकच नाव चार झाडांना असतं. समाजाने परवानगी दिली असेल तर फांदी फुलासकट वर्तमानपत्रात दाबून वाळवा, तारीख, जागा, सांगणाऱ्याचं नाव, स्थानिक नाव त्यावर चिकटवा, आणि वनस्पतीशास्त्रवाल्याकडून ओळखून घ्या. हे आळस न करता करा कारण चुकीचं झाड जीवावर बेततं. ईश्वरी म्हणतात त्या कुळातल्या, अ‍ॅरिस्टोलोकिया जातीच्या वनस्पती कित्येक देशांत औषधात आहेत, बाळंतपणातही वापरत आलेत, आणि त्यातल्या अ‍ॅसिडने किडनी कायमची जाते, कॅन्सर होतो, हे आता पक्कं झालंय. बेल्जियममध्ये नव्वदच्या दशकात वजन कमी करायच्या गोळ्यांत एक झाड दुसऱ्याच्या जागी गेलं आणि बायकांच्या किडन्या गेल्या.

साठवायचं कुठे? तीन कॉपी, त्यातली एक समाजाच्याच ताब्यात, हे कमीत कमी. मुकुर्तू नावाचा फुकट प्लॅटफॉर्म आहे, तो ऑस्ट्रेलियातल्या वारुमुंगू लोकांबरोबर बनवला, त्यांच्या भाषेत मुकुर्तू म्हणजे पवित्र वस्तू जपून ठेवायची झोळी. त्यात ठरवता येतं की ही फाइल फक्त बायकांनी बघायची, ही फक्त अमुक घराण्याने. एवढं नको असेल तर पासवर्डवाली हार्डडिस्क आणि एक रजिस्टर, कोणी कधी बघितलं ते लिहायला, तेही चालतं.

काय दवाखान्यात न्यायचं आणि काय सोडायचं

इथे खरं बोलायलाच पाहिजे. जुनं आहे म्हणून सगळं चांगलं असं मी म्हणणार नाही, मी धनुर्वाताने आखडलेलं बाळ पाहिलंय. नाळेवर शेण, राख, माती लावणं बंदच झालं पाहिजे. कळा वाढाव्या म्हणून काही मुळ्या पाजणं, त्याचं प्रमाण कुणाच्याच हातात नसतं, गर्भपिशवी फाटू शकते. वरून पोट जोरात दाबणं, तेही बंद, आणि हे दवाखान्यांतही चालतं हे मी डोळ्यांनी पाहिलंय, म्हणून ते दोघांनीही सोडायचंय. चीक पिळून टाकणंही.

पण हाच काटा दुसऱ्या बाजूलाही लावा. सरसकट एनिमा, सरसकट खालचे केस काढणं, सरसकट कापून टाके घालणं, हे सगळं दवाखान्यांनी वर्षानुवर्षं शास्त्र म्हणून केलं आणि आता जागतिक आरोग्य संघटना म्हणते सरसकट करू नका. उलट सुईणी जे करत आल्या, बाईला चालू-फिरू देणं, उकिडवं किंवा उभं राहून बाळंत होऊ देणं, ओळखीची बाई जवळ असणं, हे २०१८ च्या त्यांच्याच शिफारशींत आहे. नाळ लगेच न कापणं, त्याचंही तसंच, किमान एक मिनिट थांबा असं आता सांगतात कारण बाळाला जास्त रक्त मिळतं, लोह मिळतं. कित्येक समाजांत वार पडेपर्यंत नाळ कापतच नाहीत, त्यांना आपण अडाणी म्हणत आलो.

मी आजींबरोबर बसून चार गठ्ठे करते, मोठ्या कागदांवर चित्रं काढून. चांगलं आहे म्हणून दवाखान्याने शिकायचं. नुकसान नाही, बाईला बरं वाटतं, म्हणून राहू द्यायचं: गाणं, दिवा, कनवटीची गाठ, कोपऱ्यातला धागा. धोका आहे, सोडायचं. आणि चौथा, माहीत नाही. चौथ्या गठ्ठ्यातलं दवाखान्यात आणायचं नाही पण नोंद जपून ठेवायची. सोडायच्या गठ्ठ्यात आजींनी स्वतः टाकलेलं पान आणि मी टाकलेलं पान यात फार फरक पडतो. एकदा राखेवरून वाद झाला तेव्हा मी गप्प बसले, दुसऱ्या आजीनेच सांगितलं की तिच्या हातचं एक बाळ आठव्या दिवशी गेलं आणि तिने तेव्हापासून नाळेला काही लावलं नाही. पान गठ्ठ्यात गेलं, माझ्या शब्दाशिवाय.

धोक्याच्या खुणा मात्र वाटाघाटीच्या नाहीत आणि त्या चित्रांत भिंतीवर पाहिजेत: अंगावरून जास्त जाणं, झटके, डोकं दुखून डोळ्यांपुढे अंधारी, ताप आणि घाण वास, हात किंवा नाळ आधी बाहेर येणं, वार अडकणं, कळा येऊन येऊन बाळ न सरकणं. यातलं काही दिसलं की वाट बघायची नाही.

दवाखान्यात जागा कशी करायची

पेरूच्या आयाकुचो भागात सांतियाना नावाच्या ठिकाणी १९९९ मध्ये केंद्रात होणारी बाळंतपणं होती ६ टक्के. तिथल्या केचुआ आदिवासी बायका येतच नव्हत्या. म्हणून त्यांना आणि त्यांच्या सुईणींना बसवून विचारलं काय पाहिजे, आणि त्याप्रमाणे बदल केले: पकडायला दोर, बसायला बाक, नवरा आणि सुईण आत, बोलणं केचुआत. २००७ मध्ये तो आकडा ८३ टक्के झाला. मशीन एकही नवीन नाही यात. २००५ मध्ये पेरू सरकारने उभ्या बाळंतपणाचा नियमच काढला.

कॅनडाच्या नुनाविकमध्ये गोष्ट याहून अवघड होती. हडसन बेच्या किनाऱ्यावरच्या इनुइट आदिवासी बायकांना बाळंतपणासाठी विमानाने दक्षिणेला नेत, आठवडेच्या आठवडे एकट्या, परकी भाषा, घरची पोरं मागे. १९८६ मध्ये पुविर्नितुकला बायकांच्याच मागणीवरून प्रसूती केंद्र सुरू झालं, आणि गावातल्याच इनुइट मुलींना तिथेच, काम करता करता मिडवाइफ बनवायला घेतलं. सिझेरियनची सोय तिथे नाही, विमानाने तासन्‌तास लांब. मग काय करतात, तर मिडवाइफ, डॉक्टर, नर्स अशी समिती प्रत्येक गरोदर बाईची केस दिवस भरायच्या आधी एकत्र बसून बघते आणि ठरवते इथे की तिकडे. बहुतेक बाळं आता तिथेच होतात. मला यात आवडतं ते म्हणजे निर्णयाच्या टेबलावर इनुइट मिडवाइफ बसते, दाराबाहेर नाही.

न्यूझीलंडमधल्या मूळ माओरी लोकांचा शब्द व्हेनुआ, म्हणजे जमीन, आणि म्हणजे वारही. वार आपल्या जमिनीत पुरायची पद्धत आहे आणि दवाखाने ती जाळून टाकायचे, आता विचारून परत देतात. तुमच्याकडे हे करायचं तर एवढं पुरतं: भरतीच्याच कागदावर प्रश्न, वार नेणार का, मग गळणार नाही असा झाकणाचा डबा, त्यावर नाव, तपासणीला पाठवायची असली तर आधी सांगणं, आणि नेणाऱ्याची सही. त्याच लोकांची वहाकुरा, हाराकेके या तिथल्या झाडाच्या पात्यांची विणलेली टोपली, आईच्या अंथरुणातच पण बाळ वेगळं राहील अशी, झोपेत बाळ दगावू नये म्हणून वापरात आणली. पाळण्याशी तुलना करून अभ्यास केला तेव्हा ती तितकीच सुरक्षित निघाली, आणि सहा महिन्यांनी पूर्णपणे अंगावर पाजणाऱ्या आयाही जास्त होत्या.

तुमच्या केंद्रात उद्या काय करता येईल? मी करते ते सांगते. सुईणीला ओळखपत्र द्या, नाहीतर रात्री दारावरचा माणूस तिला हाकलतो, आणि ती परत कधीच येत नाही. तिच्या येण्याचे पैसे ठरवा आणि त्याच दिवशी द्या. ती बाई घेऊन आली की "का आणलं इतक्या उशिरा" हे पहिलं वाक्य नसावं, आधी तिच्याकडून ऐका कळा कधीपासून, काय दिलं, काय केलं, कारण तिने काढा पाजलाय हे तुम्हाला कळणं ऑक्सिटोसिन, म्हणजे कळा वाढवायचं औषध, लावायच्या आधी फार गरजेचं आहे, आणि ओरडा बसणार असेल तर ती ते सांगणार नाही. लेबर रूममध्ये एक जाड दोर, एक बाक, एक चटई. ड्युटीवरच्या सिस्टरला आणि सुईणीला कोण काय करणार ते आधी ठरलेलं पाहिजे: तपासणी, इंजेक्शन, बाळाचे ठोके सिस्टरकडे, पाठ, श्वास, बोलणं, उठणं-बसणं आजीकडे, आणि धोक्याची खूण दोघींपैकी कुणीही ओरडून सांगायची.

वैदूंसाठी हेच. अलास्कात अँकरेजला आदिवासींच्याच मालकीच्या आरोग्यसेवेत पारंपरिक उपचारांचा वेगळा विभाग आहे, तिथला डॉक्टर पेशंटला तिकडे पाठवू शकतो. चिठ्ठी दोन्हीकडून चालली पाहिजे. आमच्याकडे वैदू चिठ्ठी पाठवायला लागले ते आम्ही त्यांच्याकडे पहिला पेशंट पाठवल्यावर.

शिकणारी मुलगी

हे सगळ्यात अवघड आहे आणि यावरच सगळं अवलंबून आहे. पाच दिवसांच्या वर्कशॉपने सुईण होत नाही. आजी तिच्या आईच्या मागे आठ-दहा वर्षं फिरली होती. आज मुलगी म्हणते पैसे काय मिळणार, आणि बरोबर म्हणते. तेव्हा तिचा स्टायपेंड आधी शोधा, मग कॅमेरा. शक्य असेल तिथे ती नर्सिंग किंवा मिडवाइफरीच्या रीतसर कोर्सलाही असावी आणि सुट्टीच्या दिवशी आजीबरोबर, म्हणजे दोन्ही हात तयार होतात आणि पुढे तिला कुणी "अप्रशिक्षित" म्हणून बाहेर काढू शकत नाही. आजीबरोबर केलेल्या केसेसची वही ठेवा, सिस्टरची सही घ्या, कोर्सवाल्यांशी भांडून ती धरायला लावा. मला दीड वर्ष लागलं एका ठिकाणी.

दर सहा महिन्यांनी मी किती तास रेकॉर्ड झाले ते बघत नाही. सुईणीला किती वेळा बोलावलं, किती वेळा ती आपणहून आली, तिच्या सांगण्यावरून कुणाला लवकर पुढे पाठवलं, हे मोजते. एका वर्षी आमचं रेकॉर्डिंग भरपूर होतं आणि बोलावणं शून्याच्या जवळ. तेव्हा आम्ही कॅमेरा चार महिने कपाटात ठेवला.

केसपेपर नवीन छापले तेव्हा त्यात एक ओळ वाढवून घेतली, "सोबत सुईण". तिथे आजीचं पूर्ण नाव येतं, वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाही, तिचं, आणि कुणाकडून शिकली ते कंसात. आजीने तिच्या आईचं नाव सांगितलं, मग थोडं थांबून आईच्या मावशीचं. दोन्ही लिहिली. शेजारी आजीचा अंगठा असतो आणि त्याच्या खाली गेल्या पावसाळ्यापासून नातीची सही.